तळघरातली शिवणाची खोली: आधी ओल, मग उजेड, मग टेबल

उतारावर बांधलेल्या बंगल्यांत आणि रो-हाऊसमध्ये एक खोली अशी असते की रस्त्याकडून पाहिलं तर ती तळघर आणि मागच्या अंगणातून पाहिलं तर तळमजला. पुण्यात टेकड्यांच्या कडेने, साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी अशी घरं बरीच आहेत. वर्षानुवर्षं या खोलीत गणपतीचं मखर, जुना कूलर आणि रद्दी पडलेली असते. मग घरात शिवणकाम वाढतं. मापं द्यायला येणाऱ्या बायकांची ये-जा वाढते, वर मुलांच्या अभ्यासात मशीनचा आवाज नकोसा होतो आणि मशीन खाली उतरते. त्या दिवसापासून घरातली एक बाई रोज पाच-सहा तास त्या खोलीत बसणार असते. म्हणून या खोलीवरचा खर्च हौसेचा नाही. तिचे डोळे, तिची पाठ आणि लोकांनी तिच्यावर विश्वासाने सोपवलेल्या साड्या त्यावर अवलंबून असतात.

खोली करायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिला फोन सुताराला जातो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की सुताराला बरंच नंतर बोलवा. आधी ओल, मग हवा आणि वीज, मग उजेड आणि त्यानंतर टेबल-कपाट, याच क्रमाने पैसे खर्च करा. क्रम उलटा झाला तर सुंदर कपाटामागची भिंत पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सोडते आणि तेच कपाट हलवून सगळं काम पुन्हा करावं लागतं.

हिशेबासाठी १० बाय १२ फुटांची, ९ फूट उंचीची खोली धरली आहे. दर पुणे-नाशिकसारख्या शहरांतल्या मध्यम प्रतीच्या मालाचे आणि मजुरीसह आहेत. ते अंदाज म्हणूनच घ्या, लहान गावात मजुरी कमी पडेल आणि माल आणायचं भाडं वाढेल. एक कागद मात्र खर्चाआधी काढून पाहा, तो म्हणजे घराचा मंजूर नकाशा. तळघराचा वापर बांधकाम नियमावलीत ठरावीक कामांपुरताच मान्य असतो. नकाशात ती जागा साठवणीची किंवा पार्किंगची असेल, तर तिथे गिऱ्हाईक येणारा व्यवसाय थाटण्याआधी वास्तुविशारदाला विचारा. सोसायटी असेल तर तिचीही लेखी संमती घ्या.

ओल कुठून येते ते ओळखा

भिंतीवरचा ओलावा दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. एक तर मागच्या मातीतलं पाणी भिंतीतून आत झिरपतं, नाहीतर खोलीतल्या दमट हवेची वाफ गार भिंतीवर जमते. ओळखायला पैसे लागत नाहीत. दीड-दोन फुटांचा जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या आणि चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा. दोन दिवसांनी पाहा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला दिसले तर हवा दमट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये करून पाहिलं तर उत्तर खरं मिळतं. एप्रिलमध्ये सगळ्याच भिंती कोरड्या दिसतात.

पाणी भिंतीतून येत असेल तर आधी घराबाहेर जा. गच्चीचा पन्हाळी पाइप भिंतीच्या बुडाशीच रिकामा होतोय का, बागेची माती भिंतीला टेकली आहे का, वरच्या न्हाणीघराचा पाइप गळतोय का, हे पाहा. पाइप लांब नेणं, माती मागे सारणं, भिंतीलगत बाहेरच्या बाजूला उतार देऊन कोबा करणं ही कामं ३ ते ८ हजारांत होतात आणि कित्येक घरांत तेवढ्यानेच निम्मी ओल जाते. आतून लावायच्या कुठल्याही महागड्या रसायनाआधी हे झालंच पाहिजे.

त्यानंतरही भिंतीला लोणा फुटत असेल, म्हणजे पांढरी खारट पूड येत असेल, तर त्या भिंतीचं प्लास्टर फोडून वॉटरप्रूफिंगचे दोन हात देऊन नवं प्लास्टर करावं लागतं. चौरस फुटाला १२० ते १८० रुपये धरा. १२ फुटांच्या एका भिंतीचे १०८ चौरस फूट होतात, म्हणजे १३ ते १९ हजार रुपये. नव्या प्लास्टरवर आठवडाभर पाणी मारायचं आणि मग ते तीन-चार आठवडे वाळू द्यायचं. कारागीर घाईने पुट्टी लावायला निघाला तर त्याला थांबवा. ओल्या प्लास्टरवरची पुट्टी आणि तिच्यावरचा रंग हे पैसे अक्षरशः गळून पडतात.

दमट हवेचा उपाय निराळा आहे. आठ-नऊ इंची एक्झॉस्ट पंखा १,३०० ते १,८०० रुपयांना मिळतो आणि भिंतीला भोक पाडून बसवायला हजारभर लागतात. पंखा हवा बाहेर टाकतो तेवढीच हवा दुसरीकडून आत यावी लागते, म्हणून समोरच्या दाराखाली इंचभर फट ठेवा, नाहीतर पंखा नुसता फिरत राहतो. ऑक्टोबर ते मे हा पंखा पुरतो. भर पावसाळ्यात मात्र बाहेरचीच हवा दमट असते. तेव्हा पंखा लावला की दमट हवा आत ओढली जाते. अशा वेळी दारं-खिडक्या लावून डीह्युमिडिफायर चालवणं हाच उपाय. या खोलीपुरतं यंत्र १२ ते २० हजारांना येतं. ते साधारण ३०० वॉट घेतं असं धरलं आणि रोज सहा तास चालवलं, तर महिन्याला ५४ युनिट होतात. १० रुपये युनिटने वीजबिलात ५४० रुपयांची भर पडते, तीही चार महिन्यांपुरती. ज्यांच्याकडे रेशमी साड्या फॉल-पिकोला आणि ब्लाउजसाठी राहतात, त्यांनी हा खर्च टाळू नये. हातमागाच्या एका चांगल्या पैठणीची किंमत या यंत्रापेक्षा कमी नसते आणि दमटपणाने तिची जर काळी पडली की ती पूर्ववत होत नाही. फक्त सुती आणि रोजचे कपडे शिवत असाल तर यंत्र पुढच्या वर्षावर टाकलं तरी चालेल.

हे सगळं घेण्याआधी ३०० ते ५०० रुपयांचा आर्द्रतामापक घ्या आणि भिंतीला टांगा. आकडा ४५ ते ६० टक्क्यांत राहिला तर कापड सुरक्षित आहे. सत्तरच्या वर दिवसेंदिवस राहिला तर बुरशी आलीच म्हणून समजा.

तळघराला आणखी एक भीती असते, ती उलट्या पाण्याची. मुसळधार पावसात बाहेरचं गटार भरलं की नहाणी ट्रॅपमधून पाणी आत येतं. तिथे ६०० ते १,५०० रुपयांचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या आणि दाराला सहा इंचांचा उंबरा घाला.

वीज

मशीनला फार वीज लागत नाही. घरगुती मोटर १०० वॉटच्या आसपास असते, पण इस्त्री एकटी हजार-बाराशे वॉट ओढते. जुन्या बोर्डावर एकाच प्लगातून मशीन, इस्त्री आणि पंखा चालवलेला दिसतो, हे दमट खोलीत फार धोक्याचं आहे. इस्त्रीला अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेची स्वतंत्र लाईन आणि १६ अँपिअरचा प्लग द्या. खोलीच्या पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. विजेची गळती झाल्यावर क्षणार्धात प्रवाह तोडणारं हे उपकरण १,६०० ते २,५०० रुपयांना मिळतं. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. ओलसर भिंतीत तारा गाडू नका, वरून केसिंग पट्टी चालेल. ती स्वस्त पडते आणि पुढे दुरुस्तीही सोपी जाते. एका पॉइंटला ८०० ते १,००० रुपये धरले तर आठ पॉइंट आणि आरसीसीबी मिळून ९ हजारांच्या थोडं वर जातं. सगळे बोर्ड जमिनीपासून चार फुटांवर घ्या.

इस्त्रीच्या लाईनचं बटण दाराशी ठेवा, त्यात लाल दिवा असू द्या. खोलीतून बाहेर पडताना तो डोळ्यांना दिसला पाहिजे. खाली कापडाचे ढीग असतात आणि बाहेर पडायला बहुधा एकच जिना असतो. दोन किलोचं एबीसी अग्निशामक नळकांडं हजार-दीड हजाराला मिळतं. ते दाराजवळ टांगा, इस्त्रीच्या मागे नको.

उजेड: सर्वांत कमी पैशांत सर्वांत मोठा फरक

काळ्या अस्तरावर काळ्या दोऱ्याने शिवणाऱ्या बाईला उजेडाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. युरोपातल्या प्रकाशमानकात शिलाईच्या जागेला ७५० लक्स उजेड सांगितला आहे. आपल्या तळघरात एका ट्यूबखाली दीडशेसुद्धा भरत नाहीत. मोबाइलवर लक्स मोजायचं मोफत ॲप मिळतं. ते अचूक नसतं, पण फोन सुईजवळ ठेवून आधीचा आणि नंतरचा फरक पाहायला पुरेसं आहे.

चार फुटी, २० वॉटची एलईडी बॅटन साधारण २,००० ल्यूमेन देते. या खोलीत अशा चार लावल्या तर सगळीकडे साडेतीनशे लक्सच्या आसपास उजेड पडतो. उरलेला फरक मशीनच्या डोक्यावर लोहचुंबकाने चिकटणारा, मान वळणारा छोटा दिवा भरून काढतो. तो २५० ते ४५० रुपयांना येतो आणि सुईच्या टोकावर थेट उजेड टाकतो. बॅटन डोक्यामागे लावू नका, स्वतःचीच सावली कामावर पडते. उजव्या हाताने काम करणारीला मोठा उजेड डावीकडून आणि किंचित पुढून हवा.

बॅटन घेताना खोक्यावरचा सीआरआय हा आकडा वाचा. रंग किती खरे दिसतात हे तो सांगतो. साधी बॅटन ८०ची असते आणि तिच्याखाली तांबडे रंग मळकट दिसतात. मग डाळिंबी साडीला जुळवलेलं रीळ उन्हात नेलं की वेगळंच निघतं आणि काम उसवावं लागतं. ९० किंवा त्यावरची बॅटन साध्या बॅटनच्या दुप्पट दराला, ६०० ते ८०० रुपयांना मिळते. चारही तशा घेणं जमत नसेल तर निदान कटिंग टेबलावरची एक तशी घ्या. उजेड फार पिवळाही नको आणि निळसर पांढराही नको, ४,००० ते ५,००० केल्विनच्या मधला घ्या. चार चांगल्या बॅटन, मशीनचा दिवा आणि आरशाजवळचा उजेड मिळून ३,६०० रुपयांत होतं. साड्यांच्या कपाटाला लोक याच्या दसपट पैसे घालतात, म्हणून हा आकडा मी पुन्हा पुन्हा सांगते.

भिंतींचा रंग हाही उजेडाचाच भाग आहे. फिका, शक्यतो निखळ पांढऱ्याकडे झुकणारा रंग घ्या. गुलाबी किंवा पोपटी भिंत आपली छटा कापडावर टाकते. भिंती आणि छत मिळून साधारण ४८० चौरस फूट, पुट्टी-दुरुस्तीसह चौरस फुटाला २५ रुपये धरले तर १२ हजार होतात. ओल पूर्ण मिटली याची खात्री नसेल तर ओलीच्या भिंतीला पहिल्या वर्षी नुसता चुना द्या. तो श्वास घेतो आणि आतला ओलावा बाहेर पडू देतो.

कटिंगचं टेबल

जमिनीवर बसून किंवा जेवणाच्या टेबलावर वाकून बेतणं हेच घरच्या शिलाईवाल्या बाईच्या पाठदुखीचं मोठं कारण असतं. जेवणाचं टेबल ३० इंच उंच असतं, बेतायला ते ठेंगणं पडतं. उभं राहून कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून चार इंच वजा करा. बहुतेकींसाठी हे माप ३४ ते ३६ इंचांच्या दरम्यान येतं. ही तुमच्या टेबलाची उंची, तीच सुताराला द्या. त्याच्या सवयीची उंची घेऊ नका.

लांबी-रुंदी कापडाच्या पन्ह्यावरून ठरते. ४४ इंची पन्हा दुमडून ठेवला तर २२ इंच होतो, ५८ इंची पन्हा २९ इंच. म्हणून साडेतीन फूट रुंदी आणि सहा फूट लांबी सर्वांना पुरते. १८ मिलिमीटर जाडीचं आठ बाय चारचं एक प्लायवूड त्यासाठी लागतं आणि उरलेल्या तुकड्याचं फडताळ होतं. प्लायवर ७१० क्रमांकाचं मानक छापलेलं पाहा. ३०३चं साधं प्लाय हजार-दीड हजार रुपयांनी स्वस्त पडतं, पण तळघरात तेवढे पैसे वाचवू नका. प्लाय ४ हजार, वरची सनमायका दीड हजार, लोखंडी चौकट चाकांसह सव्वाचार हजार आणि मजुरी पावणेदोन हजार, असे साधारण साडेअकरा हजार होतात. दोन चाकांना ब्रेक असलाच पाहिजे, नाहीतर कात्री चालवताना टेबल सरकतं. एक टोक भिंतीला आणि तीन बाजू मोकळ्या, अशी मांडणी ठेवली की कळीदार किंवा नऊवारीचं लांब कापडही फिरून बेतता येतं.

एवढे पैसे नसतील तर जुना फ्लश डोअर शोधा. पुण्यात टिंबर मार्केटात किंवा जुन्या बाजारात, इतर शहरांत घरं पाडणाऱ्यांकडे तो हजार-दीड हजाराला मिळतो. खाली दोन लोखंडी घोडे घातले की अडीच हजारांत टेबल तयार होतं. मापाने तो अरुंद असतो, पण ब्लाउज आणि ड्रेसला पुरतो. रबरी कटिंग मॅटवर दीड-दोन हजार घालायला मात्र मी सुचवणार नाही. चाकाच्या कटरने कापणाऱ्यांना ती लागते. कात्रीने कापणाऱ्यांना टेबलावर घट्ट ताणलेलं जुनं सुती कापड पुरतं.

खुर्चीवर साडेतीन हजार जाऊ द्या: पाठीला आधार असलेली आणि उंची कमी-जास्त होणारी. मशीनच्या पायांखाली रबरी पॅड घाला. जमिनीवर व्हिनाइल अंथरू नका, त्याखाली ओल साठते. शहाबादी किंवा फरशी असेल तर तीच धुऊन, पॉलिश करून ठेवा. सांडलेल्या टाचण्या उचलायला एक मोठं लोहचुंबक घ्या.

कपाट, आरसा आणि येणाऱ्या बाईची नजर

बाहेरच्या भिंतीला चिकटून बंद कपाट करू नका. मागे हवा खेळत नाही आणि बुरशी तिथेच सुरू होते. तीन-चार इंच जागा सोडून लोखंडी अँगलचा उघडा रॅक उभा करा, तो अडीच ते तीन हजारांत मिळतो. त्यावर घट्ट झाकणाचे पारदर्शक डबे, साधारण साडेतीनशेचा एक. एका गिऱ्हाइकाचं कापड एका डब्यात ठेवा आणि वर नाव, तारीख आणि मापाच्या वहीतला पान क्रमांक लिहा. रेशमी साडी आधी मलमलच्या पिशवीत आणि मग डब्यात. खालची फळी जमिनीपासून फूटभर वर हवी. आपली साडी अशी नाव लावून ठेवलेली दिसली की येणाऱ्या बाईचा विश्वास बसतो. रंगीबेरंगी वॉलपेपरने तो बसत नाही.

पाच बाय दोन फुटांचा आरसा बसवून २,२०० रुपयांपर्यंत येतो. त्याच्या दोन्ही बाजूंनी, चेहऱ्याच्या उंचीला उजेड द्या. डोक्यावरच्या एकाच दिव्याने ब्लाउजच्या चुण्या असतील त्याहून मोठ्या दिसतात. एका कोपऱ्यात छतापासून गोल दांडीवर जाड पडदा सोडला की कपडे बदलायची सोय होते, त्याला १,८०० रुपये पुरतात. हा पडदा एखाद्या ठसठशीत खणाच्या कापडाचा शिवा. भिंती फिक्या असल्या की तेवढा एक रंग खोलीला शोभा आणतो आणि तुमच्या हातची शिलाईही आल्यागेल्याला दिसते. रिळं खुंट्यांच्या फळीवर रंगवार लावा, शोधायला वेळ लागत नाही आणि भिंतही सजते.

बेरीज

अगदी हात आखडून करायचं ठरवलं तर आर्द्रतामापक ४००, एक्झॉस्ट पंखा २,६००, इस्त्रीची लाईन आणि आरसीसीबी ५,०००, चार साध्या बॅटन, एक चांगली बॅटन आणि मशीनचा दिवा मिळून २,२००, जुन्या दाराचं टेबल २,५००, आरसा २,२०० आणि अग्निशामक १,१००, असे १६ हजार होतात. एवढ्यात सुरुवात करता येते. वर सांगितलेली पूर्ण वायरिंग, चांगले दिवे, नवं टेबल, रंग, रॅक-डबे, खुर्ची आणि पडदा धरला तर ५४ हजारांच्या आसपास जातं. त्यात एका भिंतीचं वॉटरप्रूफिंग आणि डीह्युमिडिफायर आलं की ८६ हजार. शिलाई मशीन यात धरलेलं नाही.

उत्पन्नासाठी शिवणाऱ्यांनी केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना जरूर पाहावी. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचं ई-व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो आणि घरात सरकारी नोकरी असेल तर मिळत नाही. विजेबाबतही एक गोष्ट विचारून घ्या. घराच्या एका भागात लहान व्यवसाय असला तरी महिन्याला ३०० युनिटपर्यंत वापर असणाऱ्यांना घरगुती दर ठेवण्याची तरतूद महावितरणच्या दरपत्रकात राहिली आहे. तुमच्या विभागीय कार्यालयात चालू पत्रक पाहा.

ओलीची कामं मार्च-एप्रिलमध्ये काढा, म्हणजे प्लास्टर उन्हाळ्यात वाळतं. ठेकेदाराकडून चौरस फुटांचं माप, मालाचं नाव आणि किती हात देणार हे कागदावर लिहून घ्या. ‘एकूण एवढे’ असा तोंडी भाव घेऊ नका. वॉटरप्रूफिंगची १५ टक्के रक्कम जुलैअखेर द्यायची, हे त्याच कागदावर आधीच लिहा. हमी देणारा कारागीर याला तयार होतो. जो होत नाही त्याच्याऐवजी दुसरा शोधायला एप्रिलमध्ये अजून वेळ असतो.